वाचकांचे प्रश्न : केंटकीच्या गुहेतली आंधळी कोळंबी

मागच्या अंकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या गुहेत राहणाऱ्या आंधळ्या कोळंबीवर एक छोटीशी चौकट छापली होती. ती संपली असं लोक धरून चालले होते आणि १९७९ मध्ये पुन्हा सापडली, एवढंच त्यात होतं. पण त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचं सगळं सदर तिलाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, भाषा शक्यतो तुमचीच ठेवलीये.

प्रश्न : ही नेमकी दिसते कशी? आपण खातो त्या कोळंबीची बहीणच का? आणि मुळात गुहेत गेलीच कशी?

उत्तर : बहीण नाही, लांबची चुलत म्हणा हवं तर. तिचं कुळ अटायडी, हे गोड्या पाण्यातल्या कोळंब्यांचं कुळ आहे, अ‍ॅक्वेरियमवाले जी लाल चेरी श्रिंप पाळतात ती पण याच कुळातली. शास्त्रीय नाव पॅलेमोनिआस गँटेरी. ‘डब्ल्यू. पी. हे’ नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये तिचं वर्णन केलं आणि तेव्हा गुहेचे मॅनेजर असलेल्या गँटर यांचं नाव तिला दिलं.

लांबीला जास्तीत जास्त तीन सेंटिमीटर. रंग म्हणाल तर नाहीच, पार आरपार, पोटात काय चाललंय तेही बाहेरून दिसतं, त्यामुळे टॉर्च मारला तरी आधी तिची सावली तळाच्या गाळावर दिसते आणि मग ती. डोळ्यांचे देठ शिल्लक आहेत पण त्यावर कामाचा डोळा नाही. मिशा मात्र लांबलचक.

गुहेत कशी गेली याचं उत्तर त्या जमिनीत आहे. तिथे खाली सगळी चुनखडी आहे, पावसाचं पाणी जरासं आम्लधर्मी असतं आणि ते लाखो वर्षं चुनखडी विरघळवत राहतं, मग ओढे वरून वाहता वाहता मध्येच जमिनीत गडप होतात आणि खालून वाहायला लागतात. ओढ्याबरोबर त्यातले प्राणीही खाली जातात. बहुतेक मरत असणार, पण काही टिकले. आता गंमत अशी आहे की पॅलेमोनिआस या वंशात आज दोनच जाती माहीत आहेत, एक केंटकीची आणि एक अलाबामाची, आणि दोन्ही गुहेतल्या. म्हणजे उजेडात राहणारे पूर्वज गेले आणि जे खाली उतरले तेच मागे उरले.

प्रश्न : डोळे वापरले नाहीत म्हणून गेले असं शाळेत शिकलो होतो. ते बरोबर आहे का?

उत्तर : तुम्ही एकटे नाही, खुद्द डार्विनही गुहेतल्या प्राण्यांच्या डोळ्यांबद्दल असंच म्हणत होता, न वापरल्याने गेले, आणि त्याच्या डोळ्यासमोर केंटकीच्याच गुहा होत्या. पण न वापरलेली गोष्ट पुढच्या पिढीत आपोआप बारीक होत नाही. डोळे बिघडवणारे बदल जीन्समध्ये अधूनमधून होतच असतात, उजेडात असा बदल झालेला प्राणी लगेच कोणाच्या तरी तोंडात जातो आणि तो बदल तिथेच संपतो. अंधारात त्याला शिक्षाच नाही, त्यामुळे असे बदल साठत जातात. शिवाय डोळा आणि त्यामागची मज्जासंस्था चालवायला ऊर्जा लागते आणि गुहेत खायचे वांधे, तेव्हा ज्याचा हा खर्च वाचला तो उलट थोडा फायद्यातच. दोन्ही कारणं मिळून काम करतात, कुठल्या जातीत कुठलं जास्त यावर अभ्यासकांची वादावादी चालूच असते आणि ती बरीच वर्षं चालेल असा माझा अंदाज आहे.

रंगाचंही तेच. ऊन नाही, बघणारा नाही, तर रंग बनवायचा कोणासाठी.

प्रश्न : माझा मुलगा (इयत्ता चौथी) विचारतोय की दिसत नाही तर ती भिंतीवर आपटत नाही का?

उत्तर : नाही आपटत. तिच्या मिशा आणि अंगावरचे बारीक केस पाण्याची हालचाल आणि पाण्यातले वास ओळखतात, तेवढ्यावर तिचं छान भागतं. तशी ती काही घाईतही नसते.

प्रश्न : अंधारात झाडं नाहीत, शेवाळ नाही, मग ही खाते काय? हवेवर जगते का?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात मुद्द्याचा आहे, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

गुहेत स्वतःचं अन्न जवळपास तयारच होत नाही, जे येतं ते वरून येतं. पावसात ओढ्यांबरोबर कुजलेली पानं, काड्या, माती वाहून येते, नदीला पूर आला की पाणी उलटं गुहेत शिरतं आणि गाळ आणून टाकतं, वटवाघळं बाहेर किडे खातात आणि आत येऊन विष्ठा टाकतात. या सगळ्यावर बॅक्टेरिया, बुरशी, एकपेशीय जीव वाढतात आणि कोळंबी तळाच्या गाळातून ते वेचून खाते. तिच्या पुढच्या छोट्या नांग्यांच्या टोकाला केसांचे झुपके असतात, जणू ब्रश, त्यांनी गाळ खरवडायचा आणि तोंडाकडे न्यायचा, दिवसभर हेच. (दिवस हा शब्द तिथे चुकीचाच आहे म्हणा.)

पाणी वर्षभर साधारण १२-१३ अंश सेल्सिअस, अन्न जेमतेम, त्यामुळे सगळंच संथ. मादी अंडी घालते ती पण थोडीच, पण आकाराने मोठी, म्हणजे भारंभार पिल्लं सोडण्याऐवजी मोजक्या पिल्लांना भरपूर शिदोरी देऊन पाठवायचं. यात एक अडचण आहे. अशा प्राण्याची संख्या एकदा खाली गेली की ती पटकन भरून निघत नाही.

पण मूळ मुद्दा विसरू नका, जेवण वरून येतं त्याच वाटेने विषही येतं.

प्रश्न : गुहेतले प्राणी दीडशे-पावणेदोनशे वर्षं जगतात असं एका व्हिडिओत पाहिलं. ही कोळंबी पण का?

उत्तर : तो व्हिडिओ कोळंबीबद्दल नसणार, क्रेफिशबद्दल असणार (क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, मोठ्या नांग्यांचा, छोट्या शेवंडासारखा प्राणी). अलाबामातल्या शेल्टा केव्हमध्ये ऑर्कोनेक्टस ऑस्ट्रेलिस नावाच्या आंधळ्या क्रेफिशचा अभ्यास झाला होता, त्यातून १९७५ मध्ये असा अंदाज निघाला की हे प्राणी १७६ वर्षांपर्यंत जगू शकतात. आकडा इतका भारी होता की सगळीकडे पसरला, पुस्तकांत गेला, गुहांच्या गाईड लोकांच्या तोंडी बसला. मग २०१२ मध्ये दुसऱ्या टीमचं काम प्रसिद्ध झालं. त्यांनी अलाबामाच्याच तीन गुहांमध्ये वर्षानुवर्षं क्रेफिशना खुणा करून सोडलं, पुन्हा पकडलं, वाढ मोजली, आणि निघालं काय तर जास्तीत जास्त २२ वर्षांच्या आसपास. क्रेफिशसाठी २२ पण कमी नाहीत हो! पण १७६ म्हटल्यावर जी मजा येते ती येत नाही, म्हणून जुना आकडा अजून फिरतोय.

प्रश्न : संपली म्हणता, मग सापडली म्हणता. गुहेत कोणी नीट बघितलंच नव्हतं का?

उत्तर : थोडं तसंच, पण दोष कोणाला देणार. मॅमथ केव्हची मोजलेली लांबीच आता ६८० किलोमीटरच्या वर गेलीये, जगातली सगळ्यात लांब माहीत असलेली गुहा आहे ती, आणि दर काही वर्षांनी आकडा वाढतोच. त्यात कोळंबी राहते ती सगळ्यात खालच्या मजल्यावर, जिथे नद्या वाहतात. तिथे चिखल, गार पाणी, आणि पाऊस पडला की रस्ताच बुडणार. १९७९ मध्ये ती परत दिसली तेव्हा मुख्यतः रोअरिंग रिव्हर या भागातली काही शे कोळंबी एवढाच हिशोब होता आणि त्यावरच १९८३ मध्ये अमेरिकन सरकारने तिला संकटग्रस्त जाहीर केलं, रोअरिंग रिव्हरचा भाग तिचा महत्त्वाचा अधिवास म्हणून कायद्यात आला. पुढे याच दशकात चिकाटीने शोध घेतल्यावर आजूबाजूच्या इतर भूजल खोऱ्यांतही ती सापडली आणि अंदाज शेकड्यांवरून हजारांत गेला.

ती एकदम वाढली असं समजू नका. ती होतीच, माणसं आता पोचली.

जाता जाता, तिथल्या भूमिगत नद्यांपर्यंत वाट काढली ती स्टीफन बिशप या गुलाम गाईडने. १८३८ मध्ये त्याने बॉटमलेस पिट नावाची भयानक खोल विहीर ओलांडली, त्यानंतर पलीकडच्या नद्या आणि त्यातले बिनडोळ्यांचे मासे लोकांना कळले. १८४२ मध्ये त्याने आठवणीतून गुहेचा नकाशा काढला. बिशप स्वतः दुसऱ्याच्या मालकीचा होता आणि जगभरचे पाहुणे त्याच्या मागून चालत होते, हे वाचताना मला दरवेळी विचित्र वाटतं. कोळंबीला नाव मात्र मॅनेजरचं.

प्रश्न : गुहा नॅशनल पार्कमध्ये आहे, वर्ल्ड हेरिटेज आहे. गेट लावा, कुलूप घाला, विषय संपला. मग धोका कसला राहिला?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि यातला कुलूपवाला भाग मला खोडायचाय, म्हणून जरा लांबण लागेल.

पार्क १९४१ पासून आहे, हेरिटेजचा मान १९८१ चा. पण पार्कची हद्द जमिनीवर आहे, पाण्याला ती माहीत नाही. गुहेतलं बरंचसं पाणी पार्कच्या बाहेरून, दक्षिणेकडच्या सपाट शेतीच्या पट्ट्यातून येतं. त्या पट्ट्यात खचलेले खड्डे इतके आहेत की त्याचं नावच सिंकहोल प्लेन पडलंय. शेतातली खतं, कीटकनाशकं, गुरांचं शेण, घरांच्या सेप्टिक टँक, पेट्रोल पंपांच्या जमिनीखालच्या टाक्या, सगळं या खड्ड्यांतून खाली. वरून आय-६५ हा मोठा हायवे जातो, रेल्वे पण आहे. एखादा केमिकलचा टँकर उलटला तर काय, ही भीती वन्यजीव खात्याच्या डोक्यात पहिल्यापासून आहे.

आता तुम्ही म्हणाल माती पाणी गाळते की. इतर ठिकाणी गाळते, चुनखडीत नाही. इथे पाणी मातीतून झिरपत बसत नाही, सरळ बोगद्यात पडतं आणि पळत सुटतं. १९७० च्या दशकात पार्कचे भूशास्त्रज्ञ जेम्स क्विनलन यांनी पाण्यात निरुपद्रवी रंग सोडून तो कुठल्या झऱ्यात बाहेर येतो ते तपासायचा सपाटा लावला आणि कुठलं पाणी कुठे जातं याचे नकाशे बनवले. त्यातून स्पष्ट झालं की मैलोनमैल लांब असलेल्या गावाची घाण इथल्या झऱ्यांत निघू शकते.

उदाहरण शेजारीच आहे. हॉर्स केव्ह नावाचं गाव आहे, त्याच्या मेन रोडखाली हिडन रिव्हर केव्ह. एकेकाळी तिथलं पाणी लोक वापरायचे, पर्यटकही यायचे. मग गावाचं सांडपाणी, दूध डेअरीचं टाकाऊ पाणी, पुढे धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्याचं पाणी असं सगळं खाली गेलं आणि १९४३ मध्ये वासामुळे गुहा बंद करावी लागली. वर रस्त्यावर सुद्धा वास यायचा. साधारण पन्नास वर्षं हे चाललं. १९८९ मध्ये भागाचा नवीन सांडपाणी प्रकल्प सुरू झाला, घाण खाली जायची थांबली, काही वर्षांत गुहा लोकांसाठी पुन्हा उघडली आणि आंधळे मासे, क्रेफिश परत दिसायला लागले. गुहेच्या आत कोणी काही केलं नाही हं, केलं ते सगळं वर, पाइपलाइनमध्ये.

आणि कुलपाचं म्हणाल तर शेल्टा केव्हची गोष्ट ऐका. ही अलाबामात, हंट्सव्हिल शहराच्या पोटात. इथेच १९६१ मध्ये अलाबामाची कोळंबी, पॅलेमोनिआस अलाबामी, वर्णन केली गेली. गुहा वाचावी म्हणून अमेरिकेच्या नॅशनल स्पेलिओलॉजिकल सोसायटीने (ही गुहांच्या अभ्यासकांची संघटना) १९६७ मध्ये ती चक्क विकत घेतली, गेटही बसवलं. हेतू शंभर टक्के चांगला. पण त्या जुन्या पद्धतीच्या गेटमधून करड्या वटवाघळांना नीट ये-जा करता येईना, भोवती शहरही वाढत होतं, वटवाघळं निघून गेली. वटवाघळं गेली म्हणजे विष्ठा गेली, म्हणजे खालच्या पाण्यातलं जेवण गेलं. त्यात भूजलात प्रदूषण. शेल्टामध्ये ती कोळंबी शेवटची दिसली १९७३ मध्ये. नंतर वटवाघळांना चालेल असं गेट लावलं, पण वसाहत परत आली नाही.

म्हणून म्हणतो, दार बंद करून काही होत नाही. छप्पर, म्हणजे वरची जमीन, नीट ठेवायला लागतं.

प्रश्न : म्हणजे अलाबामाची कोळंबी संपली?

उत्तर : जात संपलेली नाही. तिलाही १९८८ मध्ये संकटग्रस्त यादीत घेतलं आणि ती जवळच्या बॉबकॅट केव्हमध्ये आहे, ही गुहा रेडस्टोन आर्सेनल या लष्करी तळाच्या जमिनीवर येते. त्याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आणखी काही गुहांमध्ये नंतर सापडली. लष्कराचा तळ आणि दुर्मिळ प्राणी ही जोडी अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी दिसते, जिथे सामान्य माणसाला घर बांधता येत नाही तिथे प्राण्याला राहता येतं.

शेल्टाबद्दल एक चांगली बातमी पण आहे. तिथे शेल्टा केव्ह क्रेफिश नावाची अजून एक जात होती, जगात फक्त त्या एका गुहेत, आणि ती तीस वर्षांत कोणाला दिसली नव्हती. २०१९ मध्ये तिची एक मादी आणि २०२० मध्ये एक नर सापडला, २०२२ मध्ये त्यावर पेपर आला. दोन प्राणी म्हणजे काही फार नाही, पण शून्यापेक्षा कितीतरी बरे.

प्रश्न : मी घरी श्रिंप टँक ठेवतो, चेरी श्रिंप महिन्या-दोन महिन्यांत दुप्पट होतात. या कोळंबीच्या काही जोड्या आणून ब्रीडिंग का करत नाहीत? एवढं अवघड काय आहे?

उत्तर : चेरी श्रिंपच्या अनुभवावर जाऊ नका, कुळ एक असलं तरी स्वभाव उलटा आहे. तुमची चेरी गरम पाण्यात, भरपूर खाण्यात, पटापट पिढ्या काढणारी. हिला गार, स्थिर पाणी, काळोख, जेमतेम अन्न आणि थोडी अंडी. बरं पैदास झाली समजा, सोडणार कुठे? त्याच पाण्यात ना? ते पाणी नीट असेल तर पैदाशीची गरज नाही आणि नीट नसेल तर उपयोग नाही. आणि घरी ठेवायचा विचार कोणाच्या मनात असेल तर अमेरिकन कायद्याने तिला पकडणं, बाळगणं, विकणं सगळं गुन्हा आहे.

प्रश्न : धरण पाडलं असं काहीतरी वाचलं होतं या कोळंबीच्या संदर्भात. खरं का?

उत्तर : खरं, पण फक्त तिच्यासाठी नाही. ग्रीन रिव्हर ही तिथली मोठी नदी, गुहेचं पाणी शेवटी तिच्यातच जातं. बोटींच्या सोयीसाठी या नदीवर १९०६ मध्ये सहा नंबरचं लॉक (बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा दरवाजांचा हौद) आणि धरण पूर्ण झालं, त्याने पाण्याची पातळी वर चढली आणि ते तुंबलेलं पाणी थेट गुहेतल्या नद्यांमध्ये मागे सरकलं. वाहतं पाणी साचलं, गाळ बसत गेला, कोळंबीला हवी तशी जागा कमी झाली. गंमत बघा, वर्णन १९०१ चं आणि धरण १९०६ चं, म्हणजे शास्त्राला ओळख झाल्या झाल्या पाच वर्षांत घर बदललं. १९५० च्या सुमारास बोटवाहतूक संपली, धरण तसंच पडून राहिलं, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला भगदाड पडलं आणि २०१७ मध्ये ते काढूनच टाकलं. नदीतल्या शिंपल्यांना आणि माशांना फायदा, बोटिंगवाल्यांचा धोका गेला, आणि गुहेतलं पाणी पुन्हा जुन्या पातळीकडे उतरलं. मोडकं धरण काढायला इतकी वर्षं का लागली हा प्रश्न कोणी विचारला नाही, मीच विचारतो.

प्रश्न : स्पष्ट विचारतो, राग मानू नका. जी कोणाला दिसत नाही, कोणाच्या उपयोगाची नाही, तिच्यासाठी एवढा खटाटोप आणि पैसा कशाला?

उत्तर : राग कसला, बऱ्याच जणांच्या मनात असतं, तुम्ही लिहिलंत.

मी निसर्गाचा समतोल वगैरे सांगणार नाही, या एका कोळंबीवाचून केंटकीत उद्या काही कोसळणार नाही. पण ती ज्या पाण्यात राहते ते भूजल आहे, आणि चुनखडीच्या मुलखात माणसंही विहिरी आणि झऱ्यांमधून तेच पितात. पाण्याचा नमुना लॅबमध्ये दिला तर त्या दिवशीचं पाणी कळतं. पूर आला तेव्हा रात्री काय वाहून गेलं ते त्यात येत नाही. कोळंबी तिथे बारा महिने आहे. ती टिकली असेल तर तेवढा काळ पाणी बरं होतं, याला दुसरा स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही. हॉर्स केव्हच्या लोकांनी सांडपाणी प्रकल्प काही आंधळ्या माशांवरच्या प्रेमाने मागितला नव्हता, वासाने आणि पाण्याने त्रासले होते. माशांचं भलं त्यात होऊन गेलं.

आता हे पटत नसेल तरी ठीक आहे. तिने राहावं यासाठी तिचा आपल्याला उपयोग सिद्ध व्हायलाच हवा, हे मला व्यक्तिशः मान्य नाही, पण तो वाद या सदरात मावणार नाही.

प्रश्न : तिकडे फिरायला गेलो तर बघायला मिळेल का?

उत्तर : नाही. रोअरिंग रिव्हर पर्यटकांच्या वाटेवर नाही, आणि गुहेतल्याच एको रिव्हर या नदीवर पूर्वी नावेतून फेरी असायची ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाली. गुहेचे कोरडे भाग मात्र बघण्यासारखे आहेत, रेंजरबरोबरच्या टूरची तिकिटं सीझनमध्ये लवकर संपतात, आधी बुक करा. आणि आधी दुसऱ्या कुठल्या गुहेत गेला असाल तर तेच बूट न धुता घालून जाऊ नका, वटवाघळांच्या बुरशीच्या रोगामुळे तिथे विचारतात.